गाडीची रिमोट किल्ली आणि स्मार्ट की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘रिमोट किल्ली’ म्हणजे बटण दाबून दार उघडायची आणि स्टिअरिंगखालच्या कुलपात घालून फिरवायची किल्ली. ‘स्मार्ट की’ म्हणजे खिशातच ठेवायची. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं आणि पुश स्टार्ट दाबलं की गाडी चालू होते. दोघींची दुखणी वेगळी आहेत, म्हणून आधी आपल्याकडे कोणती आहे ते बघा.

पूर्वीची किल्ली पाकिटात मावायची. आताची एवढी जाडजूड का?

कारण आता तो एक छोटा रेडिओ आहे. स्मार्ट की उघडली तर आत चार गोष्टी जागा खाताना दिसतात: सेल, सर्किट बोर्ड, अँटेनाची कॉइल आणि अडीनडीला लागणारी लोखंडी किल्ली, म्हणजे पातं.

खरी मेख कॉइलमध्ये आहे. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते. ही हाक मीटर-दीड मीटरच्या आतच ऐकू येते, आणि ती मुद्दामच तेवढी आखूड ठेवलेली असते. किल्लीने ती ऐकली की ती ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवते. किल्ली खिशात उभी, आडवी, उलटी कशीही पडलेली असू शकते. म्हणून तीन दिशांना गुंडाळलेली कॉइल लागते. एका दिशेला हाक नीट लागली नाही तर दुसऱ्या दिशेला लागते. त्यात २० मिलिमीटर व्यासाचा सेल, पाण्यापासून वाचवणारी रबरी कड आणि पातं धरलं की जाडी आपोआप वाढते.

तरीही आजच्या बऱ्याच किल्ल्या गरजेपेक्षा मोठ्या असतात. क्रोमची पट्टी, जाड बॉर्डर, हातात वजनदार वाटावी म्हणून केलेला घाट, याचा कामाशी काही संबंध नाही. रेनॉ कंपनी किल्लीच्या जागी चपटं कार्ड देते. आपल्याकडे कायगरला तेच मिळतं. उलट टोक बघायचं तर बीएमडब्ल्यूने २०१५ च्या ७ सिरीजसाठी टच स्क्रीनवाली किल्ली काढली. ती मोबाईलसारखी चार्ज करावी लागते. किल्ली चार्जिंगला लावायची हौस ज्याची त्याने ठरवावी.

कोणत्या खिशात ठेवावी?

पुढच्या खिशात, आणि मोबाईल दुसऱ्या खिशात. मागच्या खिशात ठेवून बसलात की बोर्ड वाकतो. तो एका दिवसात तुटत नाही, पण सेलच्या पत्र्याचे टाके हळूहळू सुटतात आणि मग ‘कधी चालते, कधी नाही’ असा प्रकार सुरू होतो. घट्ट जीन्समध्ये हेच, वर बटणं दाबली जातात ते वेगळंच.

मोबाईल आणि किल्लीत वीतभर अंतर असलं की पुरे. सगळ्यात जास्त घोटाळा गाडीतल्या वायरलेस चार्जरवर होतो. तो चार्जर ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ती गाडीच्या हाकेच्या जवळपासच असते, त्यामुळे किल्ली त्याच्या शेजारच्या खोबणीत टाकली की ‘की नॉट डिटेक्टेड’ येतं. लोक लगेच सेल बदलतात. आधी किल्ली उचलून दुसरीकडे ठेवून बघा.

पर्समध्ये ठेवत असाल तर बाहेरच्या कप्प्यात ठेवा. स्टीलचा डबा, लॅपटॉप आणि पॉवर बँक यांच्यामध्ये दबलेली किल्ली गाडीला ऐकू येईलच असं नाही. डॅशबोर्डवर, ग्लव्ह बॉक्समध्ये आणि पायाखालच्या मॅटवरही सिग्नल कच्चा पडतो.

घराच्या, तिजोरीच्या, स्कूटरच्या किल्ल्यांबरोबर एकाच जुडग्यात घातली तर?

स्मार्ट की असेल तर ओरखडे उठतात आणि बटणं दाबली जातात, एवढंच. फिरवायची किल्ली असेल तर मात्र जुडगा हलका ठेवा. गाडी चालताना तो जुडगा कुलपाला लटकून हिंदकळत असतो आणि आतला सिलिंडर, स्विच दोन्ही झिजवतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१४ मध्ये ज्या इग्निशन स्विचसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यात हाच धोका होता: कमकुवत स्विच आणि किल्लीवरचं वजन यामुळे चालत्या गाडीत किल्ली ‘ऑन’वरून सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीला दुसरं काहीही अडकवू नका, असं कंपनीने मालकांना सांगितलं होतं.

सोपा उपाय म्हणजे दाबून सुटणारी दुहेरी कडी. एका बाजूला गाडीची किल्ली, दुसऱ्या बाजूला बाकी संसार.

खिशात बटण दाबलं जाऊन गाडी उघडी राहते का?

दार न उघडता नुसतं अनलॉक झालं, तर बहुतेक गाड्या साधारण ३० सेकंदांत स्वतः पुन्हा लॉक होतात. धोका दुसरा आहे. काही गाड्यांमध्ये अनलॉकचं बटण दाबून धरलं की चारही काचा खाली येतात. उन्हात तापलेली गाडी गार करायला सोय चांगली आहे, पण जुलैच्या पावसात गाडी खाली उभी आणि किल्ली तुमच्या खिशात दबलेली, असं झालं की सीटची वाट लागते. गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर पावसाळ्यापुरती तरी करा.

सेल किती दिवस टिकतो? माझा सहा महिन्यांत का संपतो?

स्मार्ट कीमध्ये वर्ष ते दोन वर्षं, साध्या रिमोट किल्लीत त्याहून बराच जास्त. रिमोट किल्ली बटण दाबेपर्यंत झोपलेली असते. स्मार्ट की दिवसभर कान टवकारून बसते आणि हाक आल्यासारखं वाटलं की जागी होते.

सहा महिन्यांत संपत असेल तर घरात ती कुठे टांगता ते बघा. टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर आणि इंडक्शन शेगडी यांच्या मीटरभर परिसरात किल्ली असेल तर त्यांच्या लहरींनी ती उगाच जागी होत राहते. फ्रिजवरच्या हुकाला किल्ली आणि खाली इंडक्शन, ही जोडी बऱ्याच स्वयंपाकघरांत सापडते. दुसरं कारण म्हणजे दाराशीच उभी गाडी आणि भिंतीच्या अलीकडे किल्ली.

टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट कींना झोपवताही येतं: लॉक दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं. किल्लीवरचा दिवा चार वेळा लुकलुकला की ती झोपली. कोणतंही बटण दाबलं की जागी होते. महिनाभर गावाला जाताना जादा किल्लीसाठी हे करून ठेवा.

सेल संपत आल्याचं कसं कळतं?

आधी अंतर कमी होतं. पूर्वी जिन्यातून गाडी उघडायची, आता दाराशी जाऊन दोनदा दाबावं लागतं. मीटरवर इशारा येतो, पण तो सगळ्या गाड्यांत येत नाही. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदला. थंडीत सेल आणखी मंदावतो, म्हणून महाबळेश्वरच्या पहाटे ‘काल तर चालत होती’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

कोणता सेल घ्यायचा? २०३२ नसेल तर २०२५ चालेल?

नाही. नाव वाचायला शिका, मग दुकानदार फसवणार नाही. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढाच गोल, पण २.५ मिलिमीटर जाड. व्होल्टेज दोघांचं ३ च, म्हणून बसवल्यावर चालल्यासारखा वाटतो, पण ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि किल्ली पडली किंवा हलली की संपर्क तुटतो. सीआर १६२० आणि १६३२ मध्येही हीच गल्लत होते. जुना सेल बाहेर काढा, त्याच्यावरचा आकडा वाचा, तोच मागा.

एलआयआर २०३२ नावाचा चार्ज होणारा सेल दिसायला जुळा भाऊ, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तो किल्लीत घालू नका. सुटा, बिनपॅकिंगचा सेलही घेऊ नका. डब्यात एकमेकांवर घासून त्यातले निम्मे आधीच उतरलेले असतात.

सेल घरी बदलता येतो का?

येतो, दहा मिनिटांचं काम आहे. टेबलावर पांढरा रुमाल पसरून बसा, म्हणजे उडालेला भाग दिसतो.

१. किल्लीच्या बाजूची किंवा मागची छोटी खिटी सरकवा आणि पातं ओढून काढा.
२. पातं निघालं त्या फटीत किंवा कडेच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला. टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर कड कुरतडली जाते. ड्रायव्हर उचकटायचा नाही, पिळायचा. ‘टक्’ आवाज आला की शेल (बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच) सुटला.
३. अधिकची खूण वर आहे की खाली, याचा मोबाईलवर फोटो काढा.
४. जुना सेल लाकडी टूथपिकने उचला. धातूच्या टोकाने उचकटलं की पितळी पत्रा वाकतो, आणि मग नवा सेलही नीट टेकत नाही.
५. नवा सेल कडेने धरून बसवा. बोटाचा घाम दोन्ही तोंडांना लागू देऊ नका.
६. रबरी कड खोबणीत आहे का बघा, मग शेल चहूबाजूंनी दाबा. फट राहिली तर पावसाचं पाणी तिथूनच शिरतं.

सेल बदलल्यावर कोडिंग, म्हणजे किल्लीची गाडीशी घातलेली ओळख, जातं ही अफवा आहे. कोड चिपमध्ये कायमचा साठवलेला असतो. आठवडाभर सेल काढून ठेवला तरी जात नाही.

सेल नवा घातला तरी किल्ली चालत नाही.

याच क्रमाने बघा: सेल उलटा, पत्रा वाकलेला, सेलवर प्लॅस्टिकचं स्टिकर तसंच राहिलेलं. काही कंपन्या मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. तो कधी कधी संपर्काच्या आड येतो. कोरड्या कापडाने पुसून बघा. यानंतरही नाही झालं तर दुसरी किल्ली आणून बघा. तीही चालत नसेल तर दुखणं गाडीत आहे, बहुतेक वेळा गाडीची १२ व्होल्टची बॅटरीच उतरलेली असते.

रस्त्यात सेल संपला. गाडी उघडायची कशी आणि चालू कशी करायची?

किल्लीतलं पातं काढा. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलला कुलपाचं भोक असतं. काही गाड्यांत त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते, खालच्या खाचेत पातं घालून ती उचकटावी लागते. पात्याने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबतो.

चालू करायला सेल लागतच नाही. किल्लीत एक इमोबिलायझर चिप, म्हणजे किल्ली आपलीच आहे हे गाडीला ओळखू देणारी चिप, असते आणि पुश स्टार्टच्या बटणाभोवती किंवा जवळपास कॉइल असते. किल्ली अगदी चिकटवली की चिपला त्या कॉइलमधूनच वीज मिळते. ह्युंदाई आणि कियामध्ये बऱ्याच मॉडेलना किल्लीनेच स्टार्टचं बटण दाबायचं. टोयोटात ब्रेक दाबून किल्लीची लोगोवाली बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की बटण दाबायचं. इतर काही गाड्यांत कन्सोलमध्ये किंवा स्टिअरिंग कॉलमवर ठरलेली जागा असते. मॅन्युअलमधलं ते एक पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. धातूचं किंवा जाड कव्हर असेल तर ते आधी काढा.

आजच एकदा पातं काढून दारात फिरवून बघा. पाच-सहा वर्षं हातच न लागलेलं कुलूप धुळीने घट्ट बसतं, आणि ते कळतं नेमकं रात्री अकरा वाजता. त्यात ग्रॅफाइटची पूड टाका, खोबरेल तेल नको. तेलावर धूळ बसून चिखल होतो.

ज्याला स्टेशनवर सोडलं तो किल्ली खिशात घेऊनच लोकलमध्ये चढला. गाडी वाटेत बंद पडेल का?

नाही. एकदा चालू झालेलं इंजिन किल्ली लांब गेली म्हणून बंद पडत नाही. चालत्या गाडीत ते धोक्याचं झालं असतं. गाडी बीप करते, मीटरवर सूचना येते, एवढंच. मात्र एकदा बंद केली की पुन्हा चालू होणार नाही. म्हणून पेट्रोल पंपावर किंवा भाजीला थांबू नका, थेट दुसरी किल्ली असेल तिथे जा. आणि उतरणाऱ्या माणसाने उतरताना खिसा चाचपावा.

पावसात भिजली / वॉशिंग मशीनमधून निघाली / समुद्रात गेली.

पहिलं काम: सेल काढा. बटणं दाबून ‘चालते का’ बघू नका. पाणी नुकसान करतं ते सेलच्या विजेच्या जोरावर. सेल आत राहिला की तांब्याच्या रेषा काही तासांत हिरव्या पडायला लागतात.

पावसाचं पाणी असेल तर शेल उघडून बोर्ड पुसा आणि पंख्याखाली २४ ते ४८ तास ठेवा. समुद्राचं किंवा साबणाचं पाणी असेल तर आधी बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, मऊ ब्रश फिरवा आणि वाळवा. मीठ वाळून बसलं की वाचवणं अवघड होतं. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपयोग नाही, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायर गरम करून मारू नका, बटणांचं रबर फुगतं.

विसर्जनाला, धबधब्यावर किंवा तारकर्लीला पाण्यात उतरायचं असेल तर झिपच्या पिशवीवर भिस्त ठेवू नका. तोंडाला गुंडाळी होणारं जलरोधक पाऊच घ्या, किंवा किल्ली काठावरच्या माणसाकडे द्या. गाडीतच लपवून पात्याने दार लावायची शक्कल बऱ्याच गाड्यांत फसते: आत किल्ली आहे हे कळलं की बाहेरून हँडलचं बटण दाबणाऱ्या कोणालाही गाडी दार उघडून देऊ शकते.

शेल तुटला, बाजारातून नवा शेल टाकला. दार उघडतं पण गाडी चालू होत नाही.

जुन्या शेलमध्ये चिप राहिली. बऱ्याच फिरवायच्या किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप बोर्डवर नसते. ती तांदळाच्या जाड दाण्याएवढी काळी किंवा काचेची वेगळी वस्तू पात्याच्या मुळाशी खाचेत चिकटवलेली असते. शेल फेकला की चिपही जाते. सेल्फ फिरतो, गाडी क्षणभर लागते आणि बंद पडते, किंवा लागतच नाही. कचऱ्याचा डबा रिकामा व्हायच्या आत जुना शेल शोधा.

फोल्डिंग किल्लीचं पातं हलत असेल तर पूर्ण शेल बदलायची गरज नसते. पातं धरणारी बारीक पिन सैल झालेली असते, चावीवाला ती ठोकून देतो.

कव्हर कोणतं?

सिलिकॉन किंवा टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक). पकड येते आणि पडल्यावर वाचते. सिलिकॉनच्या आत धूळ जमते, महिन्यातून एकदा काढून पुसा. धातूचं कव्हर देखणं असतं, पण सिग्नल अडवतं आणि आधीच मोठ्या किल्लीला दगड करतं.

खिडकीबाहेरून चोर सिग्नल ‘ओढून’ गाडी नेतात, हे खरं का?

तंत्र खरं आहे. एक जण गाडीजवळ, दुसरा तुमच्या दाराजवळ; दोघांकडची यंत्रं गाडीची हाक किल्लीपर्यंत आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं. किल्लीचा कोड दर वेळी बदलत असला तरी इथे उपयोग नाही, कारण कोड चोरलाच जात नाही, नुसता पुढे पाठवला जातो.

उपाय स्वस्त आहे. सिग्नल अडवणारं पाऊच, किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डबा विश्वासाने वापरू नका, तपासा: किल्ली आत टाकून डबा हातात घेऊन गाडीपाशी जा आणि हँडलचं बटण दाबा. उघडली तर झाकणाला फट आहे. पाऊचची घडी झिजली की तेही गळतं, म्हणून सहा महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा. फिरवायच्या किल्लीला याची गरज नाही.

एक किल्ली हरवली. दुसरी आहे, मग घाई कशाला?

तीन कारणं. पहिलं, दोन्ही हरवल्या तर खर्च आणि दिवस दोन्ही कितीतरी वाढतात. दुसरं, हरवलेली किल्ली ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी गाडी उघडी आहे. तिसरं, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ किल्ल्या मागते, आणि एक कमी असली की दावा अडकतो.

आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून पावती घ्या, मग विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीत किल्लीसाठीचं जादा कव्हर घेतलं असेल तर खर्च मिळू शकतो. सर्व्हिस सेंटरला जाताना आरसी, ओळखपत्र, उरलेली किल्ली आणि गाडी घेतली तेव्हा मिळालेला किल्लीच्या नंबरचा छोटा बिल्ला घेऊन जा. तो बिल्ला किल्लीलाच अडकवून फिरणारे लोक आहेत; तो कपाटात ठेवायचा असतो. नवी किल्ली नोंदवताना हरवलेली यादीतून काढायला सांगा. रिमोट आणि स्टार्ट दोन्ही बंद होतील. पातं मात्र दार उघडत राहील, ते थांबवायला कुलूप बदलावं लागतं.

जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी गाडी चालू करून बघा. ‘दुसरी गावाला आहे’ म्हणत असतील तर नव्या किल्लीचा खर्च किमतीतून वजा करा.

अमेरिकेतल्या भावाने तीच दिसणारी किल्ली स्वस्तात पाठवली तर?

चालणार नाही. तिकडच्या बऱ्याच किल्ल्या ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपल्याकडच्या ४३३ वर. दिसणं सारखं असून उपयोग नाही.

मोबाईल किंवा मनगटी किल्ली घेतली तर ही जाडीची कटकट संपेल का?

बरीचशी. टाटाने २०२० मध्ये अल्ट्रोझबरोबर मनगटात घालायची किल्ली आणली. व्यायामाला, पोहायला जाणाऱ्यांना ती खरंच उपयोगी. मोबाईलची डिजिटल की सोयीची, पण मोबाईल बंद पडला, बदलला किंवा ॲपमधून लॉगआउट झालं की मूळ किल्ली लागतेच. ती सोबत ठेवा, फार तर बॅगेच्या तळाशी.

स्कूटरच्या स्मार्ट कीला हेच नियम?

बहुतेक तेच. होंडाने २०२३ मध्ये ॲक्टिव्हाला स्मार्ट की दिली, तिथपासून हा प्रश्न वाढला. फरक एवढाच की स्कूटरवर किल्ली पावसात जास्त भिजते. रेनकोटच्या बाहेरच्या खिशात नको, आतल्या शर्टाच्या खिशात ठेवा.

मुलाने सेल गिळला असं वाटतंय.

वाट बघू नका, उलटी करवू नका. २० मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं; सेल ‘संपलेला’ असला तरी. लगेच १०८ ला फोन करा किंवा एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा आणि सेलचा नंबर सांगा. मूल एक वर्षाहून मोठं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, पण त्यासाठी निघायला उशीर करू नका.

जुने सेल कुठे टाकायचे?

दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. उघडे सेल एकाच डबीत साठवले तर एकमेकांना टेकून तापतात.